न पडणारी पाल

काकाबद्दल लिहायचं तर आधी एक गोष्ट सांगून टाकते. या प्रकरणात मी त्याला अरेतुरे करणार आहे. तोंडावर कधी करता आलं नाही. समोर उभं राहिलं की ‘काका’ आणि ‘तुम्ही’ म्हणावंच लागायचं, नाहीतर पाठीत धपाटा. आता तो नाही, मला टोकणारं मोठं माणूसही कुणी उरलेलं नाही, आणि मी स्वतः ऐंशीला टेकले आहे. तेव्हा तो ‘तो’च. मला तो आवडत नव्हता, त्यालाही मी आवडत नव्हते, आणि घरातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. काकू ताटं मांडायची तेव्हासुद्धा त्याचं एका टोकाला आणि माझं दुसऱ्या टोकाला मांडायची.

घर तुळजापुरात, देवळाजवळून खाली उतरणाऱ्या एका गल्लीत. मातीच्या भिंती, वर धाब्याचं छत, पुढं ओटा आणि ओट्यावर काका. तो यात्रेकरूंचा उपाध्या होता. ठराविक गावांचे लोक, म्हणजे आमचे यजमान, पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडंच उतरायचे, काका त्यांच्या पूजा सांगायचा आणि काकू त्यांना जेवू घालायची. पण गल्लीत त्याचं नाव झालं होतं ते पालींमुळं. अंगावर पाल पडली तर काय फळ मिळतं हे पंचांगात छापलेलं असतं, ते कुणालाही वाचता येतं. काका मात्र न वाचता सांगायचा, आणि असं सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, पालीनं याला विचारूनच उडी टाकली असणार. कुठं पडली? उजव्या अंगाला का डाव्या? पडून वर चढली का खाली उतरली? वार कोणता? मग डोळे मिटून बोटांची पेरं मोजायची, मग एक सुस्कारा, आणि मग फळ. फळ चांगलं असलं की आवाज चढा, वाईट असलं की हळू, आणि सोबत तोडगा. सोलापूरच्या मोटारीतून उतरलेल्या बायका कधीकधी देवीच्या आधी आमच्या ओट्यावर यायच्या. मी आतून ऐकायची आणि दात ओठ खायची, कारण हाच माणूस मला गणितातलं काही विचारलं तर “पोरीला कशाला पायजे हिशेब” म्हणून हाकलायचा.

मी बारा वर्षांची होते, त्या वर्षी आई घरात नव्हती. पावसाळा संपता संपता ती बाळंतपणाला माहेरी, उमरग्याला गेली, आणि माझी शाळा बुडू नये म्हणून मला इथंच ठेवलं. माझे वडील, दादा, शाळेत मास्तर होते. माणूस गरीब स्वभावाचा, थोरल्या भावापुढं आवाज न चढवणारा. आई गेल्यावर घरात माझ्या बाजूनं बोलणारं कुणी राहिलं नाही. काकू माझे केस विंचरायची, गरम भाकरीवर येसराची, म्हणजे भाजलेल्या पिठाची, आमटी वाढायची, सकाळी तव्यावरचं पहिलं धपाटं मला द्यायची, पण काका ओरडायला लागला की पदर सावरत चुलीकडं तोंड करायची. आईचं पंधरा दिवसांनी एक कार्ड यायचं. त्यात शेवटच्या ओळीत माझ्यासाठी ‘शहाण्यासारखी वाग’ एवढंच असायचं. ते कार्ड मी दप्तरात ठेवायची आणि पुढचं कार्ड येईपर्यंत जितकं जमेल तितकं शहाण्यासारखं वागायचं टाळायची.

आई जायच्या थोडं आधीची गोष्ट. हिवतापाच्या फवारणीची माणसं पाठीवर पंप घेऊन गल्लीत आली होती. घरोघरच्या भिंतींवर औषध मारायचं, दारावर गेरूनं आकडा लिहायचा, आणि काही महिने भिंत सारवू नका, पोतारू नका असं सांगून जायचं. काकानं दारात आडवा हात लावला. घरात देवघर आहे, आत कुणी यायचं नाही. खूप बोलाचाली झाली, शेवटी “मागं गोठ्यात काय मारायचं ते मारा” म्हणून त्यानं त्यांची बोळवण केली. ते गोठ्यात मारून गेले. मला ती माणसं आवडली होती, कारण त्यांनी काकाला “पंडितजी, सरकारी काम है, हटो” असं सरळ हिंदीत सुनावलं होतं. त्याच्याशी इतकं बिनधास्त बोललेलं कुणी मी पाहिलं नव्हतं.

नवरात्र झालं आणि काकाच्या डोक्यात यात्रेकरूंसाठी फरशीची खोली बांधायचं आलं. बाजूच्या गल्लीत कुणीतरी शहाबादी फरशी बसवली होती आणि लोक तिकडं उतरायला लागले होते. म्हैस विकली, मागचा गोठा पाडला, आणि एका दुपारी उमरग्याच्या बाजूनं आलेल्या ट्रकनं गल्लीच्या तोंडाशी निळसर राखी फरशांचा ढीग ओतला. चार गड्यांनी त्या वाहून परसात रचल्या. मग महिनाभर घरात दोनच आवाज होते. सकाळी वरून येणारा संबळ आणि ‘उदो उदो’, आणि दिवसभर परसातली गवंड्याची छन्नी. त्या फरशांच्या थप्पीत, दोन फरशांच्या फटीत, मला ती सापडली.

आधी वाटलं सरडाच आहे. बोटाएवढी लांब, पिवळसर अंगावर तपकिरी पट्टे, आणि शेपूट चांगलं जाड, आमच्याकडच्या कोवळ्या मुळ्यासारखं. तिनं माझ्याकडं मान वळवली आणि पापण्या मिटून उघडल्या. घरातल्या पालींना पापण्या नसतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण अशी डोळे मिचकावून बघणारी पाल मी पाहिली नव्हती एवढं खरं. मी तिच्यावर मापटं उपडं घातलं आणि दादांना हाक मारली. आमच्या सुदैवानं त्या वेळी काका देवळात होता.

दादांनी तिला बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ते पोरासारखं काहीतरी आलं. संध्याकाळी ते कवड्यांच्या माळा विकणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून एक टाकून दिलेली काचेची पेटी घेऊन आले. एक काच तडकलेली होती, तिथं कागद चिकटवला. वर जाळी बांधली. काका आला तेव्हा पेटी माझ्या अंथरुणाशेजारी होती आणि पाल तिच्यात होती.

“हे काय?”

“पाल,” मी म्हणाले.

“उपाध्याच्या घरात पेटीत पाल! लोकांनी बघितलं तर काय म्हणतील? उद्या कुणाच्या अंगावर पडली म्हंजे?”

“ही पडणारच न्हाय. हिला भिंतीवर चढताच येत न्हाय, काका. मी बघितलं. चढत न्हाय ती पडंल कुठून?”

दादा हसले. ते हसले नसते तर कदाचित सगळं तिथंच मिटलं असतं. काका भावाकडं बघून मग माझ्याकडं वळला.

“जी पडत न्हाय ती पाल कसली? ईखारी जनावर हाय ते. चावलं तर पाणी मागायची न्हाईस.”

पण दादा त्या दिवशी पहिल्यांदा मागं हटले नाहीत. ते हळूच म्हणाले की सुमनची आई येईपर्यंत राहू द्या, तिला दाखवून झालं की रानात सोडू. काकानं बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाला, “राहू दे. पण या घरात ती मेली, तर पुन्हा एक मुंगीसुदिक पाळायची न्हाय. आन्‌ मेली तर मीच सांगितलं हुतं म्हणून समद्यांना सांगीन.” म्हणजे मला आता काय करायचं ते स्पष्ट होतं. आई येईपर्यंत ती जगवायची. आईला दाखवायची, आणि काकाच्या नाकावर टिच्चून दाखवायची. यातलं जास्त कशासाठी हवं होतं हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

खाणं सोपं होतं. चुलीमागं झुरळं होती, परसात नाकतोडे होते. अवघड होती ती पेटीतली भुई. पेटीचा तळ नुसता लाकडाचा, त्यावर ती घसरायची आणि तिचे पाय फाकायचे. पहिल्यांदा मी दादांचं जुनं वर्तमानपत्र अंथरलं. दुसऱ्या दिवशी काकूनं ते बघितलं आणि कानाला हात लावले. अक्षरांवर शी करते म्हणजे काय? कागद गेला. मग ओढ्याची वाळू आणली. ती चाळली, धुतली, वाळवली, आणि पेटीत पसरली तेव्हा इतकी देखणी दिसली की मी मैत्रिणींना बोलावून दाखवली. पाल तिच्यावर छान चालायची, खड्डा करून बसायची. पण नाकतोड्यावर झडप घालताना प्रत्येक वेळी तोंडात वाळू जायची. आठ दिवसांत तिचं पोट टणक झालं आणि तिनं खाणं सोडलं. मी दादांच्या पाठी लागले, दादांनी त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांना भीतभीत विचारलं, डॉक्टर म्हणे खूप हसले, आणि शेवटी आम्ही एरंडेलाचा एक थेंब काडीच्या टोकानं तिच्या ओठाला लावला. दोन दिवसांनी तिनं वाळूची गोळी टाकली. तेवढा आनंद मला पहिला नंबर आल्यावरसुद्धा झाला नव्हता. वाळू त्याच दिवशी परसात गेली.

गवंड्याकडून शहाबादीचा एक तुकडा मागून घेतला, तर थंडीत तो इतका गार पडायचा की ती सकाळी हलायचीच नाही. काळी माती घातली, ती ओली असली की तिच्या बोटांना गोळे चिकटायचे आणि वाळली की भेगा पडून त्यात झुरळं लपायची. आणि एका शुक्रवारी शाळेतून येते तर पेटीच्या तळाला हिरवागार ताजा शेणसडा! काकूनं पाल मापट्याखाली कोंडली होती, पेटी नीट सारवली होती, चार कोपऱ्यांत रांगोळीची चार बोटं ओढली होती आणि तिला लपायला ठेवलेल्या दगडावर हळदकुंकू वाहिलं होतं. मी रडायलाच लागले.

“अगं, घरात राहती न्हवं ती?” काकू गोंधळून म्हणाली. “मग शुक्रवारी समदं घर सारवायचं आन्‌ तिचीच भुई कोरी ठिवायची व्हय?”

काकूवर रागावता यायचं नाही, हाच तिचा दोष होता. ओल्या शेणानं पालीच्या अंगावरची जुनी कात अर्धी निघाली आणि अर्धी बोटांना आवळून बसली, ती मी कोमट पाण्याच्या कापसानं सोडवली. सोडवताना तिनं माझ्या बोटाचा चावा घेतला. मी पाणी मागायला जिवंत राहिले हे काकाला मुद्दाम हात दाखवून सांगून आले. त्यानं माझ्या बोटाकडं बघितलंसुद्धा नाही.

मग मला पांढरी माती सुचली. आमच्याकडं भिंतींना आणि धाब्याला पांढरी माती लागते, आणि जुन्या भिंतीची सगळ्यात चांगली. ती चिकटत नाही, भेगाळत नाही, उन्हात ठेवली की ऊब धरून राहते. पाडलेल्या गोठ्याचा ढीग परसात पडलेलाच होता. एका सकाळी मी चाळण घेऊन तिकडं निघाले. काका मागच्या दारात दात घासत बसला होता.

“कुठं?”

“माती आणायला. पेटीत घालायला.”

“त्या ढिगातली घ्यायची न्हाय.”

“का?”

“मी सांगतो म्हणून.”

“गवंडी तर घेतोय की.”

“गवंड्याचं गवंड्यापाशी. तू दुसरी कुठलीबी घे. ओढ्याकाठची घे, रानातली घे. गोठ्याच्या भिंतीची न्हाय.”

“पण का?”

त्यानं चूळ भरली, परसात टाकली, आणि आत निघून गेला. मी चाळण हातात घेऊन तिथंच उभी. सगळ्या तुळजापुराला हा माणूस पालीचं काय अन्‌ काय सांगतो आणि मला दोन ओळीचं कारण सांगायला त्याची जीभ झिजते! खरं सांगायचं तर तोवर मला ढिगातली असो की ओढ्याकाठची, कुठलीही माती चालली असती. पण त्यानं नको म्हटल्यावर मला तीच हवी झाली. तो पूजेला गेल्यावर मी गेले. नुसती ढिगातली नाही घेतली. गोठ्याच्या आतल्या अंगाचा गिलावा शोधला, कारण तो सगळ्यात मऊ होता. वरवर पांढुरके डाग होते, ते मला मातीचेच वाटले. खरडून, कुटून, दोनदा चाळून मी पेटी भरली.

इतकी चांगली भुई पहिल्यांदाच जमली होती. पाल तिच्यात पोटापर्यंत रुतून बसायची. वाळू नाही, चिखल नाही, गारठा नाही. आणि आणखी एक सोय झाली होती. पेटीत झुरळ टाकलं की ते पूर्वीसारखं सैरावैरा पळायचं नाही. थोडं चालायचं, मग उताणं पडून पाय हलवत राहायचं. पाल आरामात येऊन ते उचलायची. मी दादांना म्हणाले, बघा, हिला आता शिकारसुद्धा करावी लागत नाही. इथं माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. पुढं मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पोरांना निरीक्षण करा, कारण शोधा म्हणून कान धरधरून सांगितलं. माझं स्वतःचं पहिलं निरीक्षण हे असं होतं.

त्याच आठवड्यात आईचं कार्ड आलं. भाऊ झाल्याचं आधीच कळलं होतं, आता पुढच्या सोमवारी मामा त्या दोघांना पोचवायला येणार होता. मी भिंतीवर कोळशानं सहा रेघा ओढल्या आणि रोज एक पुसायची ठरवली.

तिसरी रेघ पुसली त्या सकाळी पालीच्या शेपटीचं टोक थरथरत होतं. दुपारी शाळेतून धावत आले तर सगळं अंग थरथरत होतं, तोंड उघडं होतं, आणि ती वाकडी होऊन एकाच जागी गोल फिरत होती. मी तिला हातात घेतलं, चुलीजवळ धरलं, एरंडेल लावलं, पाणी लावलं. काकूनं अंगारा लावला. दिवेलागणीच्या आत ती माझ्या तळहातावर ताठ झाली. पापण्या अर्ध्या उघड्याच राहिल्या.

मला कुणी सांगावं लागलं नाही की कुणी मारली. घरात तिचा वैरी एकच होता. तंबाखू टाकली असेल, चुना टाकला असेल, त्याच्याकडं दोन्ही होतं. मी तशीच हातात पाल घेऊन ओट्यावर गेले. ढोकीकडचे आमचे जुने यजमान सकाळपासून उतरले होते, पाच-सहा माणसं. त्यातली एक म्हातारी काकापुढं बसून दंडावर पडलेल्या पालीचं फळ विचारत होती, आणि काका डोळे मिटून पेरं मोजत होता. मी माझा हात त्याच्या नाकापुढं धरला.

“तिचं मागून सांगा,” मी ओरडले, “आधी हे सांगा, पाल मारणाऱ्याला काय फळ मिळतं? बघा की पंचांगात! ह्यांनी मारली! ह्यांनी माझी पाल मारली!”

काकानं डोळे उघडले. मला वाटलं होतं तो उठेल आणि मला बडवील, आणि मी त्यासाठी दात आवळून तयार होते. तो उठला नाही. माझ्या हाताकडं बघत राहिला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. मग अगदी हळू म्हणाला, “मी नको म्हणलं हुतं तुला.”

म्हातारीनं दंडावरचा पदर सारखा केला.

“म्हाराज,” ती म्हणाली, “तुमी मारली व्हय पाल?”

त्यानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. खाली मान घालून पंचांग मिटलं. पाल मारणं म्हणजे केवढं पाप हे त्या लोकांना त्यानंच वर्षानुवर्षं सांगितलं होतं. ती माणसं कुजबुजली, उठली, गाठोडी बांधली आणि अंधार पडायच्या आत दुसऱ्या गल्लीतल्या उपाध्याकडं गेली. काकूनं त्यांच्यासाठी केलेली येसराची आमटी आणि भाकरीची चळत तशीच राहिली. दोन दिवस आम्ही तीच खाल्ली.

त्या रात्री दादांनी मला एकच विचारलं. “त्यांना काही टाकताना तू पाहिलंस का?” मी नाही म्हटलं. “मग?” मी म्हटलं, “ते माझा राग करतात.” दादांनी दिव्याची वात खाली केली आणि कूस बदलली.

गल्लीतल्या पोरांनी काकाला ‘पालमाऱ्या’ नाव ठेवलं. ठेवलं म्हणजे काय, मीच शाळेत सांगितलं होतं. ढोकीचे यजमान पुन्हा आमच्याकडं आले नाहीत, त्यांचं बघून आणखी दोन गावं तुटली. नव्या खोलीतली शहाबादी फरशी पायांनी झिजायच्या ऐवजी आमच्या ज्वारीची पोती ठेवायला कामी आली. आणि काकानं पालीचं फळ सांगणं सोडलं. कुणी विचारलं तर पंचांग पुढं सरकवायचा, वाचून घ्या म्हणायचा. मला याचा आनंद झाला होता. लाज वाटते लिहायला, पण झाला होता आणि तो बरीच वर्षं टिकला. आई सोमवारी आली तेव्हा मी तिला रिकामी पेटी दाखवली आणि कुणी मारली तेही सांगितलं. मी आणि काका लग्न होऊन मी सासरी जाईपर्यंत एकमेकांशी कामापुरतंही बोललो नाही. तो गेल्याची तार आली तेव्हा मी वर्गावर होते. तास पुरा केला आणि मग निघाले.

त्यानंतर चारेक वर्षांनी असेल, मी सुट्टीत तुळजापूरला गेले होते. काकू आणि मी ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. मी शाळेतल्या काहीबाही गोष्टी सांगत होते. त्या फवारणीच्या औषधाचं सांगितलं, की डासांसाठी मारायचे पण मांजरं, पाली, पाखरं काहीही त्यानं मरायचं, अंग थरथरून मरायचं. काकूचे हात थांबले.

“मग त्या पाली त्यानंच मेल्या असत्याल,” ती म्हणाली.

“कुठल्या पाली?”

“गोठ्यातल्या. ती पंपाची माणसं गेली न्हवं, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पटापटा पडल्या बघ भिंतीवरनं. धा-बारा असत्याल. तडफडत पडल्या. ओट्यावर यजमान बसलेले, आन्‌ ह्ये मागं गोठ्यात. सुपात भरून लिंबाखाली पुरल्या आन्‌ मला म्हणले, कुणाला बोलायचं न्हाय. माणसाच्या अंगावर पडली तर फळ ठावं हाय, म्हणले, पर पाल आपली आपणच मरून पडली तर त्याचं काय फळ, ते कुठंच लिवलेलं न्हाय. लई भ्याले हुते गं. म्हस त्याच भयानं इकली, गोठा त्याच भयानं पाडला.”

मी शेंगा फोडत राहिले. काकूला बिचारीला कळलंही नाही की तिनं काय सांगितलं. फरशीची खोली, बाजूच्या गल्लीशी चढाओढ, ते सगळं मागून जोडलेलं होतं. त्या भिंतीत काहीतरी वाईट आहे एवढं त्याला कळलं होतं. काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हे बारा वर्षांच्या पोरीपुढं, आणि त्यातून माझ्यापुढं, कबूल करणं त्याला जमलं नाही. माती नको एवढंच तो म्हणाला. पाल माझ्या हातानं मेली होती. ती भिंत मी खरडली, ती माती मी दोनदा चाळली, आणि ओट्यावर जाऊन खापर त्याच्या डोक्यावर फोडलं. तो गप्प राहिला, कारण तोंड उघडलं असतं तर सुपातल्या पाली वर निघाल्या असत्या.

कुणाला वाटेल, हे कळल्यावर माझा त्याच्यावरचा राग गेला असेल. नाही गेला. उलट पहिल्या रात्री तर वाढलाच. एक वाक्य! ‘त्या भिंतीवरच्या पाली मेल्या, ती माती घालू नको.’ एवढं बोलला असता तर मी, कितीही आगाऊ असले तरी, ती माती आणली नसती. आणली असती का? हा प्रश्न मी स्वतःला विचारायला लागले तेव्हा मात्र झोप उडाली. कारण त्यानं कारण सांगितलं असतं तरी मी बहुतेक म्हटलं असतं, थापा मारतो.

आता हे सगळं लिहायला कारण झालं माझी नात मुक्ता. गेल्या महिन्यात तिनं हट्टानं एक पाल विकत आणली. हो, हल्ली पाली विकत मिळतात, तिकडच्या परदेशातल्या, जाड शेपटीच्या, पापण्या मिटणाऱ्या. पेटी उघडली तेव्हा मी चष्मा चढवून जवळ गेले. मुक्ता फोनवर बघत होती, खाली काय घालायचं, वाळू, फरशी की कागद. मग म्हणाली, “आजी, गच्चीवरच्या कुंडीतली माती घालू का?” त्या कुंड्यांवर माळी दर आठवड्याला काहीतरी मारतो.

“माती नको,” मी म्हणाले.

“का?”

“मी सांगते म्हणून.”

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग मातीसाठी एक वाटी उचलली आणि गच्चीच्या जिन्याकडं निघाली. ती पाठ, ती चाल मला चांगली ओळखीची होती. तिसऱ्या पायरीवर असताना मी तिला हाक मारली, परत बोलावलं, शेजारी बसवलं आणि कारण सांगितलं. काकाचं, गोठ्याचं, सुपातल्या बारा पालींचं आणि माझ्या हातातल्या एकीचं, सगळं. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग तिनं विचारलं, “मग तू काकांना सॉरी म्हणालीस?”

मी म्हटलं, नाही. वाटी रिकामीच आमच्या दोघींच्या मध्ये होती.